टाकीच्या तोंडाशी

आमच्या घरात कालपरवापर्यंत एक माणूस सोडून सगळे खूश होते. माझा नवरा जिवंत आहे, दवाखान्यातून घरी आला आहे आणि वरणात मीठ कमी पडलं म्हणून मला बोलायलाही लागला आहे. सासरे सकाळपासून ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगतात. चेतना, माझी पोरगी, बापाच्या पलंगावरून हलायला तयार नाही. फक्त ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो माझा दीर, संघर्ष, तोंड पाडून बसला होता. का ते मला कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. म्हणून हे सगळं मीच सांगते. सासऱ्यांच्या तोंडून ऐकाल तर तुम्हाला वाटेल टाकीत तोफाच लावलेल्या होत्या.

संघर्ष फौजेत आहे. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये नाईक. सासऱ्यांनी आयुष्यभर रायपूरच्या रेल्वेच्या वॅगन कारखान्यात हातोडा मारला, त्यामुळे धाकटा पोरगा फौजेत गेला तेव्हा त्यांची छाती जी फुगली ती अजून खाली आलेली नाही. पण खरं सांगायचं तर संघर्षच्या गोष्टींत मजा नसते. तो पूल बांधतो, दरड पडलेले रस्ते मोकळे करतो. सुट्टीवर आला की कुठल्या पुलाचे बोल्ट कसे कसले ते सांगतो आणि ऐकणाऱ्याला झोप येते.

वर सावधगिरी इतकी की जीव नकोसा होतो. घरात पाऊल टाकल्याबरोबर गॅसची नळी वाकवून बघणार, चेतनाच्या स्कूटीचे ब्रेक दाबून बघणार, बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गोळ्यांच्या पाकिटावरच्या तारखा वाचणार. कोपऱ्यावर दही आणायला जायचं तरी डोक्यात हेल्मेट. पोरगी बघायचं चाललंय त्याच्यासाठी. मी त्याला म्हणायचे, तू तुझ्या वरातीत बँडवाल्यांनाही हेल्मेट घालायला लावशील. तो म्हणायचा, हव वहिनी, लावीनच.

या वर्षी चौदा एप्रिलला तो घरी असणार म्हणून पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, लोकांनी ठरवलं होतं की जयंतीच्या दिवशी विहारात त्याचा सत्कार करायचा. शाल आणून ठेवली होती. जयंतीला आमच्या विहारात भोजनदान असतं, सगळा पारा जेवतो, बाहेरचेही येतात. जेवणाच्या पाण्यासाठी विहाराच्या अंगणात जमिनीखाली मोठी टाकी आहे, पुरुषभर उंचीपेक्षा खोल, दोन तोंडांची. वर्षभर तिच्याकडे कोणी बघत नाही. जयंतीच्या दोन-तीन दिवस आधी पाऱ्यातले लोक मिळून ती साफ करतात. मजूर लावायचा नाही, असा नियम आहे. बाबासाहेबांच्या जयंतीचं पाणी, ते आपल्याच हातानं स्वच्छ व्हायला पाहिजे. एक जण खाली उतरतो, बाकीचे बादल्यांची साखळी लावतात, गाणी म्हणतात, एकमेकांच्या अंगावर चिखल उडवतात. दुपारपर्यंत टाकी लख्ख होते.

या वर्षी साखळीचा कंटाळा आला. गौतम, म्हणजे माझ्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा दोस्त, सासुरवाडीहून, अभनपूरहून, पेट्रोलवर चालणारा पंप घेऊन आला. भाजीच्या मळ्यावरचा छोटासा पंप होता. पण त्याची नळी आखूड पडली, पाण्यापर्यंत पोचेना. मग दोघांनी डोकं चालवलं आणि पंपच दोरानं टाकीत सोडला. आत एक चौथरा आहे, त्याच्यावर तो ठेवला आणि चालू करून वर आले. पंप मस्त चालला. पाणी वर यायला लागलं तसं सगळ्यांनी गौतमची पाठ थोपटली.

आता माझा नवरा प्रफुल्ल सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये फिटर आहे. त्यांच्याकडे कुठल्याही टाकीत उतरायचं तर आधी साहेबाची सही, मग गॅस मोजायचं यंत्र, मग कमरेला पट्टा, मग बाहेर एक माणूस उभा. हे सगळं त्यानं आम्हाला जेवताना दहादा सांगितलंय. पण ती प्लांटची टाकी, ही विहाराची. विहाराची टाकी म्हणजे आपलीच, तिच्यात जायला सही कोणाची घ्यायची. पंप बंद झाला, तळाला घोटाभर गाळ राहिला, तसा हा माणूस पँट वर खोचून शिडीवरून खाली गेला. पेट्रोलच्या इंजिनानं बंद टाकीत इतका वेळ धूर ओकला होता, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आम्ही बायका मांडवाखाली तांदूळ निवडत बसलो होतो. टाकीतून प्रफुल्लचा आवाज येत होता, गाळ फार आहे म्हणून सांगत होता. मग आवाज थांबला. गौतमनं वाकून हाक मारली. परत मारली. मग तो आमच्याकडे न बघताच शिडीवरून उतरला. त्याचं डोकं खाली गेलं, आणि क्षणभरात काहीतरी गाळात पडल्याचा आवाज आला. मी सूप फेकून धावले. गौतमची बायको शर्मिष्ठा माझ्या मागे. वाकून बघितलं तर खाली अंधार, आणि अंधारात गौतमचा पांढरा शर्ट. प्रफुल्ल दिसतच नव्हता. गौतम त्याच्या अंगावर पडला होता.

संघर्ष तेव्हा तिथे नव्हता. टाकीत टाकायला ब्लीचिंग पावडर आणायला गेला होता. तो गाडीवरून आला तेव्हा बाबांचा एक पाय शिडीवर होता. दोन पोरं आत पडलेली बघून कुठल्या बापाला राहवणार. संघर्षनं गाडी उभीसुद्धा केली नाही, तशीच सोडून दिली. धावत आला आणि सत्तरीच्या बापाला मागून कॉलर धरून अंगणात आडवा पाडला. जोरात पाडला, कोपर सोलून निघालं. सगळा पारा बघत होता.

मी दुसऱ्या तोंडाकडे धावले. तिथं शिडी नव्हती, पण मला शिडी नको होती, मी उडीच मारणार होते. त्यानं मला दंडाला धरून ओढलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. या गोष्टीची मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. दिरावर वहिनीचा तेवढा हक्क असतो. तो मात्र हलला नाही. माझा दंड धरून, शिडीच्या तोंडासमोर पाय रोवून उभा राहिला आणि ज्या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही तो ओरडला.

"कोणीच नाई उतरणार. जो उतरंल तो खालीच राहीन."

"तुहा भाऊ हाये तो," मी म्हटलं. "फौजी असून उभा काय राहून राहिला?"

 त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला तेव्हा वाटलं की हा घाबरला. खरंच वाटलं. गॅसची नळी तपासणारा माणूस, हा कसला उतरतोय, असं वाटलं आणि त्याचा इतका संताप आला की हात मोकळा असता तर मी त्याला ढकलून खाली गेले असते.

पण त्याचं तोंड चालू झालं होतं. एकेकाला नावानं हाक मारून तो काम सांगत होता. जयंतीच्या जेवणासाठी पाऱ्यातल्या घराघरातून लोखंडी कूलर आणून मांडवात ठेवले होते. रायपूरच्या एप्रिलमध्ये पाहुण्यांना कूलरशिवाय बसवायचं म्हणजे त्यांना भाजून काढायचंच. त्यातला सगळ्यात मोठा त्यानं उचलून आणायला लावला, मांडवाच्या कनेक्शनवरून वायर ओढायला लावली. मांडवाचं निळं कापड काढून कूलरच्या तोंडाला गुंडाळायला लावलं, दोरानं बांधायला लावलं आणि कापडाचं ते लांबलचक नळकांडं टाकीच्या दुसऱ्या तोंडातून आत सोडायला लावलं. पंखा सुरू झाला तसं कापड फुगलं आणि आत हवा जायला लागली. माझा दंड सोडून त्यानं कापडाची कड माझ्या आणि शर्मिष्ठाच्या हातात दिली.

"वहिनी, हे धरून ठेवा. सुटू देऊ नका. सुटलं का हवा गेली."

मी धरलं. शिव्या देत धरलं, पण धरलं. त्या पंख्याला काय जोर होता. दोन्ही हात आणि छाती लावून ते कापड दाबून ठेवायला लागायचं, एक पाऊल इकडे तिकडे करता येत नव्हतं. चेतना कोपऱ्यात रडत उभी होती, तिला त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला. काय बोलायचं तेही शब्द न् शब्द सांगितलं. तिचा आवाज मला ऐकू येत होता, "दो लोग हैं, टंकी में हैं, अंदर पंप का धुआँ है, ऑक्सीजन लेके आइए।" पोरगी रडता रडता चारही वाक्यं नीट बोलली.

मग त्यानं मांडवाचा नायलॉनचा दोर स्वतःच्या काखेतून घेऊन छातीला बांधला. दुसरं टोक घेऊन तो बाबांजवळ गेला. बाबा अजून जमिनीवरच बसले होते, कोपर धरून. आपल्या पोरानं आपल्याला सगळ्यांसमोर पाडलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. संघर्ष त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"बाबा, तुमीच धरा. मी दोर हलवला का ओढा. नाई हलवला तरी ओढा. पण उतरू नका. शप्पथ घ्या."

बाबांनी टोक मुठीत घट्ट धरलं. उठले, दोराचा कमरेभोवती एक वेढा घेतला आणि पाय फाकवून उभे राहिले. जन्मभर लोखंड उचललेला माणूस आहे. आणखी चार जणांनी त्यांच्या मागे दोर धरला. संघर्षनं वर तोंड करून मोठा श्वास घेतला, कोंडून धरला आणि खाली गेला.

मी जिथे कापड धरून बसले होते तिथून मला फक्त दोर दिसत होता. तो सैल झाला, ताठ झाला, परत सैल झाला. मग दोर हलला आणि सगळे ओढायला लागले. वर आला तो गौतम. संघर्षनं स्वतःचा दोर सोडून त्याच्या काखेत बांधला होता आणि मागून शिडीवरून स्वतः धडपडत वर आला होता. शर्मिष्ठा किंचाळली, पण कापड तिनं सोडलं नाही. आणि मी काय केलं असेल? मी संघर्षला ओरडून विचारलं की भाऊ सोडून दोस्ताला आधी काहून आणलं. गौतम वर होता, प्रफुल्ल त्याच्या खाली, आधी वरचाच निघणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला त्या वेळी कळत नव्हतं. मला माझा माणूस पाहिजे होता, बस.

गौतमचा श्वास चालू होता. त्याला कुशीवर करून ठेवलं. संघर्ष टाकीच्या कडेला ओणवा बसून नुसता धापा टाकत होता. बाबा म्हणाले, मी जातो आता. त्यानं मान हलवली, दोर परत बांधला आणि परत खाली गेला. ही दुसरी खेप फार लांबली. बाबांनी दोर हलायची वाट बघितली आणि मग न हलताच ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात तो हलला. प्रफुल्ल वर आला. अंगभर गाळ, मान एका बाजूला लोंबलेली. संघर्ष शिडीच्या शेवटच्या पायरीवर लटपटला, त्याला दोघांनी बखोटीला धरून ओढून काढलं. बाहेर आल्या आल्या तो ओकला. ओकून तसाच गुडघ्यांवर सरकत भावाजवळ गेला आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागला.

कापड सोडायला कोणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या हातातून ते सुटलं आणि मी तिकडे गेले. प्रफुल्लचे ओठ मी आजही डोळ्यांसमोरून काढू शकत नाही. चेतना माझ्या कमरेला मिठी मारून उभी होती. संघर्ष दाबत होता, मोजत होता, तोंडानं श्वास देत होता, परत दाबत होता. बरगडीचा आवाज आला, कट्ट. मी म्हटलं, अरे मोडली. तो थांबला नाही. आणि मग माझ्या नवऱ्यानं खोकल्यासारखा एक श्वास घेतला, आणि त्यानंतर दुसरा. मी तिथेच चिखलात बसले. त्या दोन श्वासांइतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं, पोरगी झाली तेव्हाही नव्हतं.

बाकीचं दवाखान्यात झालं. दोघांनाही ऑक्सिजन लावला, दोघंही वाचले. गौतम दुसऱ्या दिवशी उठून बसला आणि पहिला प्रश्न त्यानं पंपाचा विचारला, कारण सासऱ्याला तो परत करायचा होता. प्रफुल्लला जरा जास्त दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक-दोन माणसं उतरली असती तर आज आमच्याकडे वेगळंच काम असतं. हे त्या सहज बोलून गेल्या. मी तेव्हा प्रफुल्लला सफरचंद कापून देत होते, ते माझ्या डोक्यात नीट शिरलंही नाही.

जयंती झाली. भोजनदानाला पाणी नळावरून पाईपनं आणलं. संघर्षच्या सत्काराला आता दुप्पट लोक जमले होते, आणि सत्कारमूर्ती जागेवर नाही. स्टेजवरून नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, परत पुकारलं. हा मागे चुलीजवळ पाण्याचे जग भरत होता. शेवटी शाल बाबांच्या खांद्यावर टाकली. बाबांनी ती आनंदानं घेतली आणि माईकवरून सगळ्यांना कोपर दाखवलं.

"मले पाडलं त्यानं," ते म्हणाले, "साऱ्या पाऱ्यासमोर. अन् बरं केलं."

प्रफुल्ल घरी आला तरी संघर्षचं तेच. भावाच्या खोलीत जायचा नाही. गेलाच तर औषध ठेवून, खाली बघत परत. दिवसभर अंगणात काहीतरी ठोकत बसायचा. विहाराच्या टाकीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी जाळ्या बसवल्या, कुलपं लावली, आमच्या घराची गॅसची नळी परत बदलली. सुट्टी संपत आली, बॅग भरून झाली, तरी हा भावाशी धड बोलला नाही. प्रफुल्लला वाईट वाटत होतं. तो मला म्हणाला, हा माह्यावर रागावला का, मी असा गाढवासारखा उतरलो म्हणून. मी म्हटलं, रागवायलाच पाहिजे, पण हा राग नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो मागच्या ओट्यावर बूट चमकवत बसला होता. मी त्याच्या हातातून बूट काढून घेतला आणि समोर बसले. म्हटलं, तुझा भाऊ तुझ्यामुळे जिवंत आहे, अख्खा पारा तुझं नाव घेतो, आणि तू चोरासारखा काय हिंडतोस घरात. बोल, नाहीतर हा बूट त्या टाकीत टाकीन.

त्यानं पॉलिशची डबी बंद केली. मग म्हणाला, "वहिनी, सारे म्हणून राहिले का मी दादाले वाचवलं. खोटं हाये ते."

मी म्हटलं, मग काय मी वाचवलं?

"मी आलो न्, अन् खाली पायलं. गौतमभैया पडून, दादा दिसूनच नाई राहिला. आमाले शिकवलं हाये, अशा जागी जो पडला तो गेला धरायचा. वरचे सांभाळायचे. मी तेच केलं. दादा गेला, असं मी धरून टाकलं, वहिनी. माहा सख्खा भाऊ. एका मिनिटात मी त्याले सोडून देल्लं." त्यानं ब्रश खाली ठेवला. "कूलर लावला, उतरलो, ते सारं मंग. मी पयले त्याच्यासाठी नाई उभा रायलो. चेतना कोपऱ्यात रडून राहिली होती. मले वाटलं, हिचा बाप त् गेला, हिची माय तरी राहू दे. म्हणून तुमाले धरलं. म्हणून ते कापड तुमच्या हाती देल्लं. हात रिकामे रायले असते त् तुमी उडी मारली असती."

मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. आधी प्रफुल्ल, त्याच्यावर गौतम, त्याच्यावर बाबा, त्याच्यावर मी. आणि वर अंगणात माझी पोरगी एकटी. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं. इतके दिवस मी या माणसाला नवऱ्याच्या जिवाबद्दल मनातून धन्यवाद देत होते, आणि तो वाचवत होता मला. माझ्या हातातला बूट खाली पडला. मी त्याला भित्रा समजले होते, आणि त्यानं त्या एका मिनिटात जे केलं ते करायला किती हिंमत लागत असेल, ते माझ्यासारख्या उडी मारायला निघालेल्या बाईला कळणं शक्यच नव्हतं.

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच घरात नेलं. तो नाही नाही म्हणत होता. मी म्हटलं, जे मला सांगितलंस ते त्याला सांग, नाहीतर मी सांगते, आणि मी सांगेन ते आणखी तिखट लावून सांगेन. प्रफुल्ल पलंगावर टेकून बसला होता, बरगडीला पट्टा बांधलेला, चेतना पायाशी. संघर्ष दारात उभा राहिला आणि मान खाली घालून त्यानं सगळं परत सांगितलं. दादा, मी तुले सोडून देल्लं होतं. 

चेतना बापाकडे बघत होती. प्रफुल्लनं उशी मागे सरकवून पाठ सरळ केली. मला भीती वाटली की आता हा काहीतरी वेडंवाकडं बोलणार, कारण बोलायच्या बाबतीत माझ्या नवऱ्याला फारशी अक्कल नाही.

"खाली पडलो न्," तो हळूहळू म्हणाला, "तवा मले आवाज येत होते थोडे थोडे. गौतम आला ते कळलं. मंग हिचा आवाज आला, वरतून. हात हालत नोहोता, तोंड उघडत नोहोतं. एकच गोष्ट बोलाची होती मले, संघर्ष, अन् ते निघत नोहोतं तोंडातून."

"काय?" संघर्षनं विचारलं.

"आधी हिले धर."

संघर्ष दारातून हलला, पलंगाजवळ आला आणि भावाच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरासारखा रडला. प्रफुल्लला बरगडी दुखत होती तरी त्यानं त्याला हलू दिलं नाही. चेतना म्हणाली, "काका, पापा की पसली," आणि मग तीही रडायला लागली. बाबा शाल पांघरून बाहेरून आले, काय झालं म्हणून विचारायला लागले. मी त्यांना सांगितलं, काही नाही झालं बाबा, सगळे आहेत, आणि मीही पलंगाच्या कडेला जागा करून बसले.